रॉक बँडचं प्रदर्शन बघायला जाणाऱ्यांसाठी काही आगाऊ सूचना

सुरुवात टी-शर्टपासून. ज्या बँडच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन असेल त्याच बँडचा टी-शर्ट घाला, पण तो धुऊन धुऊन विटलेला हवा. नवाकोरा असेल तर आठवडाभर आधीपासून रोज धुवा. रांगेत पुढे उभा असलेला गृहस्थ वळून तुमच्या छातीवरचं दौऱ्याचं साल वाचणार आणि तेव्हा तुम्ही जन्मला तरी होतात का, याचा मनातल्या मनात हिशोब करणार. करू द्या. तोवर तुम्ही त्याचा करा.

रांग मात्र मोडू नका. व्यवस्थेला आयुष्यभर शिव्या घालणाऱ्यांच्या दर्शनाला आपण आलो आहोत, तेव्हा तिकिटावर छापलेल्या वेळेलाच आत शिरावं, पिशवी उघडून दाखवावी आणि पाण्याची बाटली निमूटपणे बाहेर ठेवावी.

आत जाण्याआधी एक मत तयार ठेवा. वर्षानुवर्षं टिकलेलं मत असं : ‘सुरुवातीचं काम खरं, नंतर सगळा धंदा.’ पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या बाबतीत हे फार सोयीचं पडतं. बँड 1965चा, त्याचा सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेट बाहेर पडला 1968 मध्ये आणि तुम्हाला ज्या अल्बममुळे हा बँड ठाऊक झाला तो ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आला 1973 मध्ये. म्हणजे तुम्ही जे ऐकत वाढलात ते सगळंच ‘नंतरचं’. तरीही सिडच्या फोटोपुढे थांबून एक सुस्कारा सोडा. सुस्काऱ्याला पुरावा लागत नाही.

आता हेडफोन. 2017 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पिंक फ्लॉइडचं प्रदर्शन भरलं, तेव्हा प्रत्येकाच्या कानावर हेडफोन होते आणि तुम्ही जिथे उभे राहाल तिथला आवाज आपोआप कानात यायचा. अशा ठिकाणी दोन वस्तूंच्या बरोबर मध्ये उभं राहायचं. अर्धं पाऊल पुढे टाकलं की गिटार, अर्धं मागे घेतलं की कुणाची तरी मुलाखत. सगळीकडे माणसं पुढे-मागे, पुढे-मागे करताना दिसतील. ती नाचत नसतात, हरवलेलं गाणं शोधत असतात. गाणं सापडलं की गुणगुणत बसू नका, मोकळ्या गळ्यानं गा. तुमच्या कानात अख्खा बँड वाजतो आहे. शेजाऱ्याला फक्त तुम्ही ऐकू येता, पण तो त्याच्या भाग्याचा प्रश्न. माणसामाणसांत उभ्या राहणाऱ्या भिंतीवर या मंडळींनी 1979 मध्ये ‘द वॉल’ हा दोन तबकड्यांचा अल्बम काढला होता. तो विषय समजून घ्यायला कान झाकून, तोंड मिटून, एकमेकांना कोपरं मारत फिरणाऱ्या गर्दीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

त्याच प्रदर्शनात केंब्रिजच्या एका शाळेतली छडी आणि शिक्षांची नोंदवही ठेवली होती. बँडचा बास गिटारवाला आणि गीतकार रॉजर वॉटर्स आणि सिड याच शाळेत शिकले. मास्तरांच्या जाचावर इतकं गाजलेलं गाणं लिहिलं गेलं, त्यामुळे छडीपुढे रांग लागणारच. आपला नंबर येईपर्यंत हात मागे बांधून गप्प उभे राहा.

सोबत एखादा अजाण माणूस न्यायला विसरू नका. त्याच्याशिवाय ज्ञान सांडायचं कुठे? फुगवलेलं डुक्कर दिसलं की सोबत्याचा दंड पकडा आणि 1976 चा डिसेंबर सांगायला घ्या : लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर फ्लॉइडच्या अल्बमच्या फोटोसाठी बांधलेलं डुक्कर सुटलं, हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत गेलं आणि शेवटी केंटमधल्या एका शेतात उतरलं. सुटलं तर गोळी घालायला आदल्या दिवशी बंदूकवाला ठेवला होता, नेमका त्या दिवशी त्याला बोलावलं नव्हतं. हे सगळं शेजारच्या फलकावर असलं तरी त्याला वाचू देऊ नका.

रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या ब्रिटिश बँडकडे वळलात तर खरा कस स्वयंपाकघरात लागतो. 1962-63 च्या सुमारास ही पोरं लंडनच्या चेल्सी भागात, एडिथ ग्रोव्ह या रस्त्यावर, एका भाड्याच्या घरात राहायची. 2016 मध्ये त्याच चेल्सीतल्या साची गॅलरीत ते घर पुन्हा उभारलं गेलं : खरकट्या ताटल्या, रिकाम्या बाटल्या, विस्कटलेल्या गाद्या, सिगारेटची थोटकं. कुठल्या ताटलीवर किती खरकटं वाळवायचं, यावर कुणीतरी बैठक घेतली असणार. तिथे नाकाला रुमाल लावणं हा अडाणीपणा. मान तिरकी करून ‘काय काळ होता!’ एवढंच म्हणा. तुमच्या खोलीची हीच दशा पाहून आई जे बोलली होती ते आठवू नका. तिचं चुकलंच. दोरी बांधून तिकीट लावायला हवं होतं.

फलकांच्या भाषेची सवय करून घ्या. ‘सर्जनशील मतभेद’ असे शब्द दिसले की त्यामागे वकील उभे आहेत असं समजा. वॉटर्सनं 1985 मध्ये बँड सोडला आणि नावाचं भांडण कोर्टाच्या दारापर्यंत गेलं. पण फ्लॉइडच्या प्रदर्शनात शेवटी भेटायचा तो लंडनच्या हाइड पार्कमधला 2005 चा कार्यक्रम, वॉटर्ससह चौघं पुन्हा एका मंचावर. डोळे पुसायची जागा हीच. अंधार असतो, आणि शेजारचाही पुसतच असतो.

बाहेर पडायचा रस्ता दुकानातून जातो. दुसरा रस्ता विचारू नका, पहारेकऱ्याला वाईट वाटतं. स्टोन्सचं बोधचिन्ह असलेली ती लाल जीभ जॉन पॅश या विद्यार्थ्यानं 1970 मध्ये काढली, तेव्हा त्याच्या हातावर 50 पौंड टेकवले गेले. 2008 मध्ये तेच मूळ चित्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं 92,500 डॉलरला घेतलं. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी कपबशीची किंमत बसवलेली असते, तेव्हा घासाघीस नको. घ्या, आणि घरच्यांनी विचारलं तर ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणा.

राहिले फोटो. काचेआडच्या गिटारचे काढाल तेवढे काढा. घरी येऊन बघाल तर तारांवर छताचे दिवे आणि गिटारच्या पोटावर तुमचं पोट. दाखवताना वेगानं सरकवा.