भारी इंजेक्शन मागण्याआधी कल्चर मागा

गेल्या काही आठवड्यांपासून आमच्याकडच्या गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: ‘दवाखान्यात भरती झालेल्या पेशंटला सुपरबग लागतो. अँटिबायोटिक खाऊन खाऊन आपल्या शरीराला औषधाची सवय झाली आहे, त्यामुळे यावर आता कुठलंच औषध चालत नाही. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर सुपरबग समजा आणि सुट्टी घेऊन पेशंट घरी आणा. भरती ठेवायचंच असेल तर पहिल्याच दिवशी सगळ्यात भारी इंजेक्शन लावायला सांगा.’

मी विदर्भातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कल्चर लावते, म्हणजे पेशंटच्या लघवी-रक्तातला जंतू ताटलीत वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघते. हा मेसेज मला दाखवला एका मुलानं. त्याच्या आईचं मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, लघवीची नळी लावलेली होती आणि पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. ‘मॅडम, मायले घरी नेऊ का? याच्यात तर असंच लिहून आहे.’ लॅबच्या खिडकीशी त्याला घाईघाईत जे सांगितलं ते इथे नीट लिहिते. असा मेसेज वाचून माणसं खरंच पेशंट उचलून नेतात.

भीती खोटी नाही, हे आधी मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार आपल्यासारख्या देशांत भरती असलेल्या १०० पेशंटपैकी सुमारे १५ जणांना दवाखान्यातच एखादा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत ७ जणांना. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे, म्हणजेच सुपरबगमुळे, २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं गेली. मेसेजमध्ये एवढंच असतं तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

पण ‘शरीराला सवय झाली’ हे साफ चूक आहे. २०१७च्या हंगामातली गुलाबी बोंडअळी आठवा. झाडातच अळीचं विष असलेला बीटी कापूस तोच, तरी बोंड फोडलं की आत अळी. तेव्हा वावराला बीटीची सवय झाली असं कुणी म्हटलं नाही. विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या आणि पुढची सगळी पैदास त्यांचीच झाली. जंतूंचं तसंच आहे, फक्त वेग भयंकर. ई. कोलायसारखा जंतू पोषक जागा मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. शिवाय अळीला जे जमत नाही ते जंतूला जमतं: औषध पचवण्याचा गुण तो शेजारच्या वेगळ्याच जातीच्या जंतूला देऊन टाकतो. म्हणून तो मुलगा ‘मायनं तं जिंदगीत गोळी खाल्ली नाही’ म्हणाला, तेव्हा त्याचं खरं असूनही उपयोग नव्हता. जंतू दुसऱ्या कुणाच्या तरी औषधातून तयार झालेला असतो आणि नळीवरून, हातावरून हिच्यापर्यंत येतो. सर्दीला मेडिकलमधून दोन सुट्या गोळ्या आणणारे आपण सगळे त्यात आहोत. पाकिटावर लाल उभी रेघ असेल ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, एवढं तरी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

‘कुठलंच औषध चालत नाही’ याचं उत्तर माझ्या टेबलावर होतं. त्या आईच्या लघवीचा नमुना लावला. दुसऱ्या दिवशी ताटलीत गुलाबी, चिकट, मोठाले ठिपके. तारेच्या लूपनं उचलले तर पाकासारखी तार सुटत होती. क्लेबसिएला नावाचा जंतू. मग तो फिक्या पिवळ्या ताटलीभर पसरवून वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या गोल चकत्या ठेवल्या. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं, नसेल तर जंतू अगदी चकतीला भिडेपर्यंत वाढतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर बहुतेक चकत्यांभोवती काहीच नव्हतं. त्यांत महागड्या, ‘भारी’ म्हणतात त्याही होत्या. अमिकासिनभोवती मात्र मोठं वर्तुळ होतं. जुनं, स्वस्त औषध. किडनीवर लक्ष ठेवून द्यावं लागतं, पण होतं. बहुतेक वेळा काहीतरी उरलेलं असतं. ते कोणतं हे अंदाजानं कळत नाही, ताटलीवर बघावं लागतं. काहीच न उरलेले रिपोर्टही मी लिहिले आहेत. ते लिहिताना हात जड होतो. पण ते बघून सगळ्यांवरच औषध नाही म्हणणं हा पेशंटवर अन्याय आहे.

तीन दिवसांत ताप न उतरण्याला तर कितीतरी कारणं असतात. २०१८च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफस या तापाचे पेशंट आले होते. गवतातल्या, झुडपातल्या चिगर माइट या बारीक किड्याच्या चावण्यानं तो होतो. त्यावर सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकची कितीही इंजेक्शनं दिली तरी उपयोग नाही. साधी डॉक्सिसायक्लिन लागते. इथे जंतू चिवट नसतो, औषधच दुसऱ्या रोगाचं असतं. डेंग्यू असेल तर अँटिबायोटिकचा संबंधच नाही.

सगळ्यात घातक ओळ भारी इंजेक्शनची. नातेवाईक अडून बसतात तेव्हा डॉक्टरवर ताण येतो, हे मी रोज बघते. बीपी खाली गेलेला, शुद्ध हरपत चाललेला पेशंट असेल तर डॉक्टर स्वतःच तासाभरात मोठं औषध सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. पण तेव्हाही शक्य असेल तर रक्त आधी कल्चरला काढायचं असतं. पहिला डोस गेल्यावर काढलेल्या रक्तात जंतू वाढेलच असं नाही. मग नेमकं काय मारायचं आहे ते कळत नाही आणि सगळे अंधारात चालत राहतात. कल्चरची सोय सगळीकडे नाही, नमुना जिल्ह्याला पाठवावा लागतो, दोन-तीन दिवस जातात. तरी नमुना घ्या म्हणून आग्रह धरा. रिपोर्ट आल्यावर मोठं औषध बदलून साधं दिलं तर ‘इलाज कमी केला’ म्हणून भांडू नका.

आणि साधं औषध म्हणजे कमी औषध, हे गडचिरोलीनं तरी मानू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या तिथल्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर घरीच इलाज केला. इंजेक्शन होतं जेन्टामायसिन, फार जुनं. त्यासोबत बाळाची घरीच घेतलेली सगळी काळजी. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. लक्षण वेळेत ओळखणं, ठरलेला डोस, ठरलेले दिवस आणि नीट शिकलेला हात, एवढ्यावर ते उभं होतं.

घरी नेण्याबद्दल फार बोलायला नको. जंतू पेशंटसोबतच घरी येतो, सुटतो तो फक्त इलाज.

त्या मुलाला मी वॉर्डात घेऊन गेले. लघवीची पिशवी पलंगावर, आईच्या पायांशी ठेवलेली. सरकवताना तिथे ठेवली आणि राहून गेली. अशानं पिशवीतली लघवी नळीतून उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण फरशीला न टेकता. थोड्या वेळानं त्या मुलाच्या मावशीनं ती रिकामी केली, पदराला हात पुसला आणि त्याच हातानं बहिणीला वरणभात कालवू लागली. प्रेमानंच करत होती. मी तिला साबण दिला, नळ दाखवला. पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर, पिशवीला लावल्यावर, खाऊ घालायच्या आधी. शेजारच्या खाटेवर बसायचं नाही, तिथल्या पेशंटला आधार दिला तर पुन्हा हात धुवायचे. आणि राउंडला डॉक्टर आले की रोज एक प्रश्न विचारायचा: ‘नळी अजून लागते का?’ नळी जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त.

मुलानं तो प्रश्न दुसऱ्याच दिवशी विचारला. डॉक्टरांनी तपासलं आणि नळी काढली. अमिकासिन सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आता ती वॉकर धरून वॉर्डातल्या वॉर्डात चालते आहे. मावशी साबण आपल्या थैलीत घेऊनच फिरते.