पश्चिमेला लढलात? कागद दाखवा

तुमच्या घरात कुणी माजी सैनिक असेल आणि त्यानं कमावलेलं एखादं मेडल त्याच्या डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना हातात मिळतं ते नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) नोंदवायचं राहिलं असेल किंवा भलतंच नोंदवलं गेलं असेल, तर आधी अभिनंदन. पुढची दहा-बारा वर्षं वेळ कसा घालवायचा, हा प्रश्न मिटला. आमच्या घरातला मिटलेला आहे. त्याच अनुभवावर हे चार शब्द सांगतोय.

मुळात खबरदारी लढाईला जायच्या आधीच घ्यायला हवी. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नाही, कारण आमच्याकडं मिसरूड फुटायच्या आधी पोरगं भरतीच्या रांगेत उभं असतं. शिरोळ तालुक्यात तर टाकळी गावाच्या नावाआधीच ‘सैनिक’ लागलंय. घरटी एक जवान द्यायचा आणि वर त्याचं कौतुकही करून घ्यायचं नाही, अशी तिकडची रीत. तरी पण तुम्ही जाणारच असाल, तर खंदकात उतरताना साहेबांना नम्रपणे विचारा, ‘साहेब, ही पूर्व आघाडी की पश्चिम?’ उत्तर लेखी घ्या. त्यावर गोल शिक्का घ्या. शक्य झाल्यास कंपनीचा क्लार्क शेजारच्या खंदकात बसवून घ्या. तोफगोळे वरून जात असताना तो थोडी कुरकुर करेल, पण पुढं तुमच्या नातवंडांचे हेलपाटे वाचतील.

आमच्या आबांनी हे केलं नाही. डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत ते पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या बाजूला होते. धुकं, थंडी आणि पायाखाली सुरुंग, एवढंच ते सांगतात. बाकीचं विचारलं की म्हशीला वैरण टाकायला उठतात. त्या लढाईसाठी सरकारनं दोन वेगळे स्टार काढले. पूर्वेकडच्या आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. आबांच्या डिस्चार्ज बुकात लिहिलंय, ‘पूर्वी स्टार’.

एका शब्दात क्लार्कनं माणूस शकरगडहून उचलला आणि ढाक्याच्या वाटेवर नेऊन सोडला. ना रेल्वेचं वॉरंट, ना मूव्ह ऑर्डर. ३ डिसेंबरला पेटलेली लढाई पश्चिमेला १७ डिसेंबरला थांबली. तेवढ्या पंधरवड्यात एवढा प्रवास करायचा म्हणजे माणूस लढला कधी आणि जेवला कधी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तो मनातच ठेवा. रेकॉर्डला प्रश्न विचारायचे नसतात, रेकॉर्ड आपल्याला विचारतं.

गंमत म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल मात्र बरोबर नोंदलं गेलं. ते १५ ऑगस्ट १९७२ या दिवशी नोकरीत असलेल्या प्रत्येकाला होतं. त्या दिवशी आबा काय करत होते म्हणाल, तर लंगरच्या मागं बटाटे सोलत होते. त्याची नोंद स्वच्छ अक्षरात आहे, तारखेसकट. तेव्हा एक धडा घ्या. मेडल मिळवायचंच असेल तर लढाईपेक्षा हजेरी भरवशाची.

आता चूक सापडली म्हणून लगेच डिस्चार्ज बुक घेऊन धावत सुटू नका. आम्ही पहिली दोन वर्षं त्यातच घालवली. डिस्चार्ज बुक म्हणजे नुसती नक्कल. पलटणीत जे घडतं त्याची पार्ट टू ऑर्डर निघते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथं शीट रोलवर, म्हणजे त्या जवानाच्या नोकरीच्या मूळ नोंदपत्रावर, नोंद चढते आणि त्यातलं माणसाच्या हातात पडतं ते हे पुस्तक. म्हणजे मूळ दुखणं शीट रोलमध्ये आणि आपण घरात बसून पुस्तकाला मलम लावतोय. एका हुशार पाहुण्यानं तर खिशातलं बॉलपेन काढून ‘पूर्वी’वर काट मारून ‘पश्चिमी’ करून द्यायची तयारी दाखवली. आबांनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं पेन टोपणासकट परत खिशात घातलं.

रेकॉर्ड ऑफिस कुठं, हाही अभ्यासाचा विषय आहे. मराठा लाइट इन्फंट्रीवाला असलात तर बेळगाव, सकाळी एसटीत बसून दुपारी परत. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला. त्यामुळं भरती होतानाच मुलांना सांगा, बाळा, शौर्य कुठंही गाजव, पण कागद कोल्हापूरपासून एका मुक्कामात येईल अशी पलटण निवड.

अर्जात नाव लिहिताना फार प्रामाणिक राहू नका. आपलं खरं नाव नव्हे, भरतीच्या दिवशी परप्रांतीय क्लार्कला जे ऐकू आलं ते लिहा. आबांच्या नावातला ‘ळ’ त्या दिवशी ‘ल’ झाला तो आजवर सुटलेला नाही. आडनाव वडिलांच्या जागी आणि वडील गावाच्या जागी गेलेत. जन्मतारखेचा प्रश्नच नव्हता, ती गुरुजींनी शाळेत घालतानाच १ जून करून ठेवली होती. हल्ली सर्व्हिस नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षरही लागतं. ते राहिलं तर अर्ज अपूर्ण. आमचा पहिला अर्ज याच कारणानं सात महिन्यांनी परत आला. आबांच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नंबर रंगवलेला आहे, पण अक्षराशिवाय. ट्रंकही अपूर्ण निघाली.

ट्रंकेवरून आठवलं. कागद ठेवायची जागा निवडताना घरातली उंच फळी बघू नका, पूररेषा बघा. आमच्याकडं २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. २०१९ च्या ऑगस्टात ट्रंक बुडाली. पाणी ओसरल्यावर आईनं डिस्चार्ज बुकाची पानं दोरीवर चिमटे लावून वाळत घातली, शेजारी नातवाची लंगोटी. जवळजवळ सगळ्या पानांची शाई विरघळली. ‘पूर्वी स्टार’ मात्र जसाच्या तसा. सरकारी चूक पाण्यात विरघळत नाही, हे तुम्हाला कुठल्याच कार्यालयात सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

मग पुरावा आणायचा कुठून? सोबत लढलेल्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा, असं सुचवतील. फार सोपं आहे. आबांच्या सेक्शनमधले दोघं साताऱ्याकडचे, एक चिपळूणचा, एक आजऱ्याचा. आम्ही चौघांची घरं शोधली. तीन ठिकाणी भिंतीवर हार घातलेला फोटो होता आणि चौथ्या घरात एक म्हातारा, ज्यानं आबांना ओळखलं, मिठी मारली, अर्धा तास रडला आणि मग विचारलं, ‘तुमी कोन म्हनायचं?’ सही त्यानं केली, पण ती आपल्या नातवाच्या नावानं. आणखी एक, सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, हे २००४ पासून आहे. पण तुम्ही पाचशेचा घ्याच. साध्या कागदावरचं खरं कुणाला खरं वाटत नाही.

दरम्यान गावाला तुमच्या कागदांची वाट बघायची सवय नाही. आबा हवालदार म्हणून रिटायर झाले, पण गावात पाऊल टाकलं त्या दिवसापासून ‘मेजर’. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. गाव पार्ट टू ऑर्डरशिवाय बढती देतं. मागच्या २६ जानेवारीला तालमीच्या पोरांनी सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ आणि चौकात वीस फुटी फ्लेक्स, मागं रणगाडे, वर विमानं आणि आबांचा आधार कार्डावरचा फोटो. खाली ठळक अक्षरात : ‘पूर्वी स्टार विजेते’.

आबा म्हणाले, ‘आरं, मी पश्चिमेला हुतो.’

पोरगं म्हणालं, ‘मेजर, बुकात तसंच हाय. आमी सोताचं काय बी घातलं न्हाई.’

आबांनी फेटा बांधून घेतला. फ्लेक्सकडं पाठ करून बसले, एवढंच.

‘मेडलनं पेन्शन वाढती का हो?’ हा प्रश्न तुम्हाला चहाच्या गाड्यावर, कटिंगच्या खुर्चीत आणि मर्तिकातसुद्धा विचारला जाईल. शौर्यपदकांना भत्ता असतो. लढाईत होतो एवढंच सांगणाऱ्या अशा स्टारला एक रुपयाही नाही. हे ऐकल्यावर समोरचा म्हणतो, ‘मग कशाला?’ इथं उत्तर देण्याच्या फंदात पडू नका. तांबडा-पांढरा चांगला कुठं मिळतो ते विचारा, माणूस लगेच वळतो.

कुणी तुम्हाला असंही सुचवेल, की मेडलची हुबेहूब नक्कल दुकानात मिळते, रिबीनसकट, आणून लावा छातीवर. मिळते हे खरं आहे. फौजी माणसं मेडल हरवलं, उशिरा आलं की तीच लावतात. पण आबांना दुकानात नेलं तर ते विचारतील, ‘ह्याच्या कडंवर माझा नंबर हाय का?’ मग आपण काय सांगायचं?

माहिती अधिकारही करून बघा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणि कायद्यानं तीस दिवस. पोस्टातला माणूस पोस्टल ऑर्डर म्हटल्यावर तुमच्याकडं संग्रहालयातून आल्यासारखा बघेल, तेवढं सहन करा. आमचं उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. आबा पेन्शनर असल्यामुळं त्यांचा शीट रोल शाबूत होता. नाहीतर पेन्शन नसलेल्यांचा शीट रोल पंचवीस वर्षांनी नष्ट करतात आणि मागं उरते लाँग रोलमधली, म्हणजे सगळ्यांच्या नावांच्या रजिस्टरातली, एक ओळ. म्हणजे त्या बाबतीत आम्ही नशीबवान. नशीबवान माणसाच्या शीट रोलवर लिहिलं होतं : ‘पूर्वी स्टार’. त्याचा पार्ट टू ऑर्डर नंबर मागितला, तर तो ‘उपलब्ध नाही’. म्हणजे चूक कुणी केली त्याचा कागद नाही, आणि चूक दुरुस्त करायला कागद पाहिजे.

दर नोव्हेंबरात आबा तालुक्याला जाऊन यंत्रावर बोट ठेवतात आणि दोन मिनिटांत ते जिवंत असल्याचं सिद्ध होतं. मी एकदा यंत्रावरच्या पोराला विचारलं, लढल्याचं पण यात निघतं का? त्यानं स्क्रीन खालीवर करून खरंच बघितलं. चांगला मुलगा होता.

हे सगळं करूनही भागलं नाही तर मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, २००७ चा कायदा आहे, वकील आहेत. तोवर तुम्ही आमच्याइतके अनुभवी झाला असाल आणि माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही.

आम्ही त्या पायरीपर्यंत पोचलो नाही, कारण गेल्या महिन्यात कार्यालयाचं पत्र आलं आणि घरात पेढे वाटायची तयारी झाली. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. पश्चिमी स्टारची मागणी ‘विचाराधीन’ आहे. मात्र एकाच कारवाईसाठी दोन्ही स्टार नोंदवता येत नसल्यानं, आधी दिलेला मूळ पूर्वी स्टार अर्जदारानं तीस दिवसांत या कार्यालयात जमा करावा.

पूर्वी स्टार आबांना कधी मिळालेलाच नाही. नोंद आली, मेडल आलं नाही.

आबांनी पत्र हातात घेतलं, चष्मा वर केला, तारीख बघितली. मग आत गेले. फरशीवरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा खांद्यावर घोंगडं होतं.

‘रिझर्वेशन काड,’ मला म्हणाले. ‘ढाक्याच्या बाजूचं. आदी तितं जाऊन लढून येतो, मग मेडल जमा करू. तीस दिवस म्हंजे लई झालं, मागल्या टायमाला पंदराच लागलं हुतं.’