फुकट वेबसाइटचा फॉरवर्ड आणि मामीचा ‘ल’

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हटकून फिरतो. कुणाला फराळ विकायचा असो, साड्या असोत की गाण्याचा क्लास काढायचा असो, सगळ्यांना तोच सल्ला. थोडक्यात असा: वेबसाइटसाठी एक रुपयाही खर्चू नका, साइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ते जमत नसेल तर कुठलाही ड्रॅग-ड्रॉप बिल्डर (बटणं-फोटो ओढून साइट बनवायची तयार सेवा) घ्या, सगळे सारखेच. ‘प्रोफेशनल’ व्हायचं असेल तर अडोबीचं सॉफ्टवेअर शिका. एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची खुणांची भाषा, शिकत बसू नका, आता एआय पाच मिनिटांत साइट देतं.

मी रामबागेत राहतो आणि पोटापाण्यासाठी साइट्स बनवतो. म्हणजे हा फॉरवर्ड खरा ठरला तर माझ्याच पोटावर पाय. तेवढी वजावट करून पुढचं वाचा.

‘वर्डप्रेस फुकट आहे.’ आहे, अगदी खरं. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली ते आणलं तेव्हापासून सॉफ्टवेअर म्हणून त्याला पैसे पडत नाहीत. कुणीही उतरवून घ्यावं, हवं तसं बदलावं. पण ते चालायला सर्व्हर, म्हणजे साइट ठेवायचा कायम चालू कॉम्प्युटर लागतो, त्याचं भाडं (होस्टिंग) असतं, आणि साइटचं नाव, म्हणजे डोमेन, दरवर्षी पैसे भरून राखावं लागतं. शिवाय वर्डप्रेस दोन आहेत. ‘डॉट ऑर्ग’वरचं घेऊन स्वतःच्या होस्टिंगवर बसवायचं, ‘डॉट कॉम’ ही तयार सेवा. तिथे फुकट खातं मिळतं, पण मग तुमच्या पत्त्याला त्यांचं शेपूट लागतं आणि तुमच्या पानावर जाहिराती दिसतात. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाच्या भावाला भुलू नका. रिन्युअलचा भाव बारीक अक्षरांत असतो, तो आधी शोधा.

‘सगळे बिल्डर सारखेच.’ इथे मात्र माझं डोकं सटकतं, कारण याची किंमत आमच्या मामीने मोजली.

मामी घरून फराळ विकते. तिने एका बिल्डरवर साइट केली होती; कंपनी कुठली ते राहू दे. बटणं ओढली, फोटो टाकले, छान चाललं होतं. अडीच वर्षांनी भाडं वाढलं तेव्हा ती मला म्हणाली, ‘दुसरीकडे हलवून दे.’ मी आत जाऊन बघतो तर सामान बाहेर काढायची सोयच नाही. पदार्थांची सेहेचाळीस पानं. राजवाड्यावर खरेदीला जायचं सोडून आम्ही दोन दुपारी समोरासमोर बसून एकेक पान कॉपी-पेस्ट केलं. फोटो उतरवले तर सगळे आकसलेले, कारण मूळ मोठे फोटो मामीच्या जुन्या फोनबरोबर केव्हाच गेले होते. मामी एवढंच म्हणाली, ‘अरे, भाड्याचं घर सोडताना भांडी तरी नेऊ देतात.’

तर नवशिक्याने साधन निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा: यातून बाहेर कसं पडायचं? वर्डप्रेसमधून किंवा गूगलच्या ब्लॉगर सेवेवरून सगळा मजकूर एका फायलीत काढून घेता येतो. बिल्डरांमध्ये कुठे फक्त ब्लॉगच्या पोस्ट निघतात, कुठे मालाची यादी तेवढी, कुठे काहीच नाही. पहिल्याच दिवशी दोन खोटी पानं बनवा आणि ‘एक्स्पोर्ट’ कुठे आहे ते शोधा. सापडलं नाही तर तिथे दुकान मांडू नका. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. भाच्याच्या मित्राच्या नाही.

‘अडोबीचं सॉफ्टवेअर शिका.’ फोटोशॉप फोटोंसाठी उत्तम आहे, पण वेबसाइट ते चालवत नाही. अडोबीकडचं ड्रीमवीवर हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर १९९७ पासून आहे. आज चार पानांच्या साइटसाठी त्याचं महिन्याचं भाडं भरणं म्हणजे सायकल शिकायला बस भाड्याने घेणं. कोड लिहायचं व्हीएस कोड फुकट आहे, नोटपॅड तर कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच आहे. आणि नुसता फोन नंबर, पत्ता, वेळ सांगायची असेल तर गूगल मॅप्सवर धंद्याची नोंद करा आणि साइटचा नाद सोडा. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. बायको वैतागते.

‘एचटीएमएल कशाला, एआय आहे.’ मामीच्या नव्या साइटचं पहिलं पान मी मुद्दाम एआयकडून करून घेतलं. पाच नाही, पण पंधरा मिनिटांत पान उभं राहिलं. फॉरवर्ड इथे फार खोटं बोलत नाही. भाव डॉलरमध्ये होते आणि चकलीच्या जागी जिलबीचा फोटो. (इंदुरात ही चूक कुणी मनावरही घेतली नसती.) ते नीट केलं आणि मोबाइल मामीपुढे धरला. तिने चष्मा सरसावला, ‘लसूण शेव’वर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘हा ल आपला नाही. श पण नाही.’

मी इंदुरात वाढलेला, दुकानांच्या हिंदी पाट्या वाचत. माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. मराठी ल पाकळीचा, श देठाचा. हिंदीतला ल दंडाचा, श गाठीचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच आहे. कॉम्प्युटरला मात्र दोन्ही ल एकच, युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, त्यांचा क्रमांकही एकच. आकार फॉन्टमधून येतो. चांगल्या देवनागरी फॉन्टात दोन्ही वळणं भरलेली असतात, पान मराठीत आहे असं सांगितलं की तो मराठी वळण काढतो. हे सांगायची जागा म्हणजे पानाच्या मुख्य टॅगमधला, म्हणजे एचटीएमएलच्या सुरुवातीच्या खुणेतला ‘लँग’. एआयने तिथे हिंदीचं ‘एचआय’ घातलं होतं. मी ते खोडून ‘एमआर’ केलं, पान पुन्हा उघडलं, आणि लसणाच्या ल ला पाकळ्या फुटल्या. अंध माणसांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही कुठल्या भाषेत वाचायचं ते याच दोन अक्षरांवरून ठरवतं.

वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की हे आपोआप होतं. पण काहीतरी चुकलंय आणि ते कुठे बघायचं, हे कळायला थोडं एचटीएमएल लागतंच. पाच-सात संध्याकाळी दिल्या तर तेवढं येतं, आणि ते वाया जात नाही. साइट बनवायच्या फ्रंटपेज या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००३ ची. हलत्या चित्रांच्या साइट्स बनवायचं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, त्यात बनवलेल्या साइट्स गेल्या. १९९१ मधलं सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं पहिलं वेबपान मात्र आजच्या ब्राउझरमध्येही उघडतं, कारण ते साधं एचटीएमएल आहे.

मामाच्या जुन्या फोनवर मात्र लसूण शेव अजून दंडाच्या ल नेच दिसते. त्याच्या फोनमधल्या फॉन्टात मराठी वळणच नसावं, म्हणजे फॉन्ट साइटवरूनच पाठवावा लागणार. ते या रविवारी, पोहे खाऊन झाल्यावर.