‘रेटिंग बघून जा आणि मोकळे व्हा’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं निम्मं पटलं. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कामानिमित्त एकट्याने परगावी गेलात तर फोन खिशात ठेवा आणि नाक नेईल तिथे जेवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ताई स्वतः महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर असतात. त्यांचं म्हणणं, हा सल्ला सुट्टीवर आलेल्या माणसाचा आहे. दहा तास राबून आल्यावर हिंडायचं त्राण कुणात असतं? रेटिंग बघावं, जेवावं, झोपावं. सकाळी मीटिंग असताना पोटाशी खेळ कशाला? आणि एकट्या बाईला रात्री ‘नाक नेईल तिथे’ पाठवणारा लेखक पुरुषच असणार!

शेवटापासून सुरुवात करतो. हो, पुरुषच आहे, आणि ते वाक्य लिहिताना ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नाही. तुमची प्रतिक्रिया आल्यावर ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना विचारलं. त्या माझ्यापेक्षा जास्त फिरतात. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या जागा दुपारीच हेरून ठेवतात, साडेसातच्या आत जेवतात, गल्ल्याजवळचं टेबल मागतात आणि परतीची गाडी बोलावून मगच हात धुवायला उठतात. कुठे जेवायचं हे त्या ज्या ऑफिसात कामाला गेल्या असतील तिथल्या बायकांनाच विचारतात. हे सगळं मूळ लेखात असायला हवं होतं.

आता थकव्याचं. इथे मात्र मी भांडणार आहे.

सगळा शोध पहिल्याच रात्री लावायचा, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. पहिल्या रात्री मीही लॉजच्या खालीच जेवतो, जे मिळेल ते. खरा शोध दुसऱ्या दिवशी दुपारी लागतो, तोही फुकट, कारण कामाच्या ठिकाणी माणसं जेवायला उठतात तेव्हा आपण त्यांच्यात असतोच. पर्यटकाला ही सोय नाही. तो प्रेक्षणीय स्थळांच्या आसपास हिंडतो आणि तिथली हॉटेलं पुन्हा कधीच न येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतात. आपण जातो त्या भागात रोज तीच माणसं जेवतात. त्यांना एकदा वाईट वाढलं तर उद्या ती समोरच्या दुकानात दिसतील, ही भीती मालकाला असते. माझा त्या भीतीवर ताऱ्यांपेक्षा जास्त भरवसा आहे.

विचारायचं कसं, तेही सांगतो. ‘इथे चांगलं कुठे मिळतं?’ असं विचारलंत की समोरचा यजमान होतो आणि तुम्हाला पाहुण्यांना न्यायच्या जागी पाठवतो: एसी, मोठं मेन्यूकार्ड, बेताची चव. ‘तुम्ही काल दुपारी कुठे जेवलात?’ असं विचारा. माणूस क्षणभर गोंधळतो, मग खरं सांगतो. ड्रायव्हर आणि सुरक्षारक्षक यांची उत्तरं साहेब लोकांपेक्षा हमखास बरी असतात.

ताऱ्यांचंच काढलंत म्हणून सांगतो. मिशेलिन या टायर कंपनीने 1900 मध्ये फ्रान्समधल्या मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. 1926 पासून तिच्यात हॉटेलांना तारे मिळू लागले. पुढे त्यांचे अर्थ ठरले: दोन तारे म्हणजे वाट वाकडी करावी असं ठिकाण, तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावं असं. टायर झिजावेत हा कंपनीचा हेतू, त्यामुळे हे ठीकच. पण आपला प्रवास आधीच झालेला असतो आणि वाट वाकडी करायला वेळ नसतो. आपल्याला हवं असतं ते पंधरा मिनिटांच्या अंतरावर, उद्याही जाता येईल असं. त्यासाठी वेगळा तारा अजून कुणी काढलेला नाही.

ॲपवरच्या ताऱ्यांची गोष्ट तर आणखी मजेशीर. 2017 मध्ये लंडनमधल्या एका लेखकाने आपल्या घरामागची शेड ‘रेस्टॉरंट’ म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर टाकली, ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले आणि काही महिन्यांत ती त्या शहरात पहिल्या क्रमांकावर नेली. तिथे कधी काही शिजतच नव्हतं. मी ॲप वापरत नाही असं नाही हं! दुकान उघडं आहे का आणि किती लांब आहे, हे बघतो. अभिप्राय वाचायचेच तर ताजे आणि तीन तारेवाले वाचतो. पाच तारेवाला खूश असतो, एक तारेवाला भांडून आलेला असतो. तीन तारे देणारा निदान काय खाल्लं ते लिहितो.

आपल्या जातकुळीचा खरा माणूस म्हणजे अमेरिकेतले डंकन हाइन्स. छपाईच्या धंद्यातले फिरते विक्रेते. गावोगावी जिथे नीट जेवायला मिळालं त्याच्या नोंदी ठेवायचे. ओळखीचे लोक सारखे विचारू लागले म्हणून 1935 च्या नाताळात त्यांनी ती यादीच शुभेच्छापत्रासोबत धाडली, आणि पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक झालं. स्वयंपाकघराच्या स्वच्छतेवर त्यांचा फार कटाक्ष. ही यादी एका रात्रीत झाली नव्हती, कित्येक वर्षांच्या फेऱ्यांत साठत गेली होती.

पोटाचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. एका गावी, मला फार आवडलेल्या छोट्या जागी मी रात्री साडेदहाला जेवलो आणि सकाळचं सादरीकरण घाम पुसत, दाराकडे बघत उरकलं. चूक जागेपेक्षा वेळेची होती, असं मला अजूनही वाटतं. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि वाढेपर्यंत 60 अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण काही थर्मामीटर घेऊन हिंडत नाही. पण गर्दीच्या वेळी भांडं रिकामं होऊन पुन्हा भरतं, आणि साडेदहाला आपल्या ताटात दुपारचा तळ येतो. महत्त्वाच्या मीटिंगच्या आदल्या रात्री मी नवीन जागी जात नाही. तेव्हा तुमचाच नियम.

एकटं बसायला अवघडतं, हेही तुम्ही ओझरतं लिहिलंय. 2015 मधल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की एकट्याने गेलो तर मजा येणार नाही असा लोकांचा अंदाज असतो, आणि प्रत्यक्षात ती बऱ्यापैकी येते. त्यातला एक प्रयोग चित्रदालनात झाला होता, हॉटेलात नाही, म्हणून फार ताणत नाही. माझं अवघडलेपण दुसऱ्या खेपेला जातं, वाढप्याने ओळखीचं हसल्यावर.

राहिला बिलाचा प्रश्न. छोट्या जागी छापील बिल मिळत नाही आणि अकाउंट्सवाले कच्च्या चिठ्ठीला हात लावत नाहीत, हे खरंय. मी दिवसातलं एक जेवण पदरमोड करून जेवतो. हा सल्ला नाही, नाद आहे.

मूळ लेखातलं ‘नाक नेईल तिथे’ तसंच ठेवलं आहे, पण त्याच्या खालीच तुमची प्रतिक्रिया पूर्ण जोडली आहे.