साडेसहा हजार आणि पंधरा रुपये

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी सरळ पुढे जा, राग नाही.

भाच्याच्या गेमचा कंट्रोलर बिघडला. म्हणजे कसा, तर हात न लावता पडद्यावरचा गडी आपला डावीकडे चालत सुटतो. भिंतीला जाऊन धडकतो आणि तिथेच पाय आपटत राहतो. पोरगं आठवडाभर अंगठा उजवीकडे रेटून खेळत होतं, हँडल वाकडं झालेली सायकल चालवतात तसं. ताई म्हणाली, तुला यातलं कळतं ना, घेऊन जा कुठेतरी. म्हणून हाफ डे टाकला आणि त्याला घेऊन अंधेरीला सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन, एसी, थंड पाणी, सगळं व्यवस्थित. काउंटरवरच्या मुलाने कंट्रोलर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सर, याचा पार्ट येत नाही. पूर्ण युनिट बदलावं लागेल. साडेसहा हजार प्लस टॅक्स."

म्हटलं, उघडून तरी बघा.

"सर, आम्ही उघडत नाही."

सर्व्हिस सेंटर आहे, आणि उघडत नाहीत! अरे, मग दिवसभर तिथे बसून करता काय? टोकन वाटता?

त्या मुलावर ओरडलो नाही. बावीस-तेवीसचा असेल, त्याला जे शिकवलंय ते तो बोलतोय. पण ट्रेनमध्ये अंधेरी ते दादर मी भाच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याला वाटलं मामा त्याच्यावरच चिडलाय.

आता हा आजार काय आहे ते सांगतो, कारण साडेसहा हजारांचा आजार नाहीये तो. अंगठ्याखाली जी दांडी असते, तिच्या पोटात दोन छोटी पोटेन्शिओमीटर असतात. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा पत्र्याचा काटा. जुना रेडिओ वापरलेल्यांना आठवेल, काही वर्षांनी आवाजाचं बटण फिरवलं की खर्रर्र व्हायचं. तेच हे. पट्टी झिजते, दांडी मधोमध असली तरी मशीनला वाटतं डावीकडे आहे, आणि निघाला आमचा गडी. हा अख्खा भाग, दांडीसकट, लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सव्वाशे-दीडशेला मिळतो. मी आणलेला आहे, म्हणून सांगतोय.

लॅमिंग्टन रोड म्हटलं की मला १९९३ चा मे महिना आठवतो. माझ्या जुन्या मित्रांनी ही गोष्ट चार वेळा ऐकली असेल, पाचव्यांदा ऐका. यावेळी त्यात एक नवीन भाग आहे.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत. बाबांनी मनीष मार्केटमधून व्हिडिओ गेम आणला होता. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचा टीव्हीला जोडायचा गेम काढला, त्याची ती नक्कल, पण निन्टेन्डो हे नाव मजल्यावर कुणाच्या बापाने ऐकलं नव्हतं. आम्ही त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. (फुंकरीने काही होत नव्हतं, उलट थुंकीने पिना गंजायच्या, हे नंतर कळलं. चालायचं ते काढून लावल्यामुळे. बरं, मान्य. पण फुंकर मारण्यातली श्रद्धा तुम्हाला नाही कळणार.)

एका दुपारी आमचा अडॅप्टर बंद पडला. समोरच्या बिऱ्हाडातून मी टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर मागून आणला. पिन बरोबर बसली. प्लस-मायनस उलटे होते, हे मला कुठलं कळायला! बटण दाबलं, एक 'टिक' झालं आणि उदबत्ती आणि जळकं प्लास्टिक एकत्र केल्यासारखा वास आला. मी अडॅप्टर गुपचूप परत देऊन आलो. संध्याकाळी बाबांनी विचारलं, कुणी हात लावला होता का? म्हटलं, नाही, आपोआप बंद पडला.

शनिवारी बाबा मला घेऊन ग्रँट रोडला उतरले. तिथे एका इमारतीच्या जिन्याखाली एक टेबल, टेबलावर वाकलेला दिवा आणि दिव्याखाली एक चाचा. त्याने चार स्क्रू काढले, झाकण उघडलं, मीटरची दोन टोकं इकडेतिकडे लावली आणि एका तीन पायांच्या काळ्या भागावर बोट ठेवलं. ७८०५. हा भाग अडॅप्टरकडून आलेल्या नऊ व्होल्टचे पाच करून चिपना देतो, उरलेले चार उष्णता म्हणून उडवून टाकतो, म्हणून त्याच्या पाठीला पत्रा असतो. उलटी वीज त्याने अंगावर घेतली आणि मेला. मागच्या चिपा वाचल्या, आमचं नशीब. चाचाने डाग (म्हणजे पाय बोर्डाला धरून ठेवणारे सोल्डरचे थेंब) सोडवले, नवीन बसवला, राळेचा धूर निघाला, दहा मिनिटांत पडद्यावर मेनू. पाच रुपये पार्ट, दहा रुपये मजुरी.

आणि आता नवीन भाग. बाबा पाकीट काढायला वळले तेव्हा चाचा माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "दूसरा अडॅप्टर लगाया था ना?" मी मान हलवली. तो बाबांना काही बोलला नाही. जळका ७८०५ माझ्या तळहातावर ठेवला, बस. तो अजून माझ्या कंपासपेटीत आहे. बाबा फेसबुकवर आहेत, वाचतीलच. सॉरी बाबा, मीच होतो.

आज त्या काउंटरवर उभा असताना मला तो जिना दिसत होता. पंधरा रुपये हा मुद्दाच नाही. महागाई मलाही कळते. त्या माणसाने उघडलं, बघितलं, आणि काय मेलंय ते आम्हाला दाखवलं, हा मुद्दा आहे. आज पैसे द्यायची तयारी असूनही दाखवायला कुणी नाही. स्क्रूच्या जागी गोंद, त्यावर 'काढल्यास वॉरंटी रद्द'ची चिकटपट्टी.

हो, पाणी आत जाऊ नये म्हणून काही वस्तूंना गोंद लागतो. ठीक आहे. कंट्रोलर घेऊन कोण पोहतं?

आणि सरकारने २०२२ मध्ये राइट टु रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय, तेही मला माहीत आहे, कमेंटमध्ये लिंक टाकू नका. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम येतोय. आपल्याकडे साधी बॅटरी बदलायची म्हटली तर 'एक्सचेंज ऑफर बघा ना सर'.

निदान वस्तू हातात तरी असते. गेमचं तर तेही नाही. 'दी क्रू' नावाचा गाड्यांचा गेम होता, २०१४ चा. लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले, खेळ खलास. एकट्याने खेळायचं तरी चालू होईना. सुपर मारिओ अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसवला होता, जागा वाचवायला वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा. तो १९८५ चा गेम माझ्याकडे आजही चालतो, कारण त्याला कुणाला विचारावं लागत नाही. आता म्हणाल, आजच्या गेमची चित्रं बघ, गोष्टी बघ. बघितल्या. सुंदर आहेत. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

गाण्यांचंही तेच, पण त्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल. एवढंच सांगतो. गेल्या दिवाळीत घरातल्या जुन्या डेकचा बेल्ट बदलला. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी, आणि इथे रबर वितळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला. बाईंचा आवाज बुवांचा यायला लागला होता. स्पिरिट, कापूस आणि तीस रुपयांचा बेल्ट घेतला, बाई परत बाई झाल्या. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली. काही बोलली नाही, पण डाळ लागली.

असो. राग थोडा उतरला लिहिता लिहिता.

तर घरी आलो आणि जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून कंट्रोलर उघडला. वॉरंटी गेली तर गेली. माझ्या डब्यात एक सुटं मॉड्यूल होतं, म्हणजे तोच दांडीसकटचा अख्खा भाग. जुन्याला चौदा डाग, सगळे सोडवायचे, आणि माझा सोल्डर ओढायचा पंप आता दमेकरी झालाय. सव्वा तास लागला. भाचा सुरुवातीला मोबाइल बघत होता. जुनं मॉड्यूल निघालं तेव्हा मी ते फोडून कार्बनची पट्टी त्याला भिंगाखाली दाखवली. मधोमध घासून पांढुरकी झाली होती, चपलेचा अंगठा झिजतो तशी. "एवढंच?" म्हणाला. मी म्हटलं, एवढंच. मग मोबाइल उलटा ठेवून दिवा धरायला आला.

जोडलं, चालू केलं. गडी जागच्या जागी उभा! पोरगं नाचलं.

मग दोन मिनिटांनी म्हणाला, "मामा, दांडी खाली दाबली की तो धावतो. आता दाबूनही धावत नाहीये."

शेवटचा डाग सोडवताना पंप नीट ओढेना म्हणून मी जरा जोर केला होता. बोर्डावरची, डाग जिच्यावर बसतो ती तांब्याची टिकली उचकटलीय. चूक माझी, काउंटरवरच्या मुलाला हे कळलं तर हसेल. हसू दे. बारीक वायरचा जंपर टाकून होईल, पण हे त्या पंपाचं काम नाही.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय, भाच्याला घेऊन. साडेअकराला ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेच्या बाजूला. कुणाला काही आणायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा. आणि तीनशेच्या आत चांगला पंप कुठे मिळतो ते कुणाला ठाऊक असेल तर मात्र आत्ताच सांगा.