कप्तानांची बढती, कार्नेशनची फुलं आणि गोवा

नमस्कार,

पोर्तुगालमधली जुनी हुकूमशाही उलथवणाऱ्या १९७४ च्या कार्नेशन क्रांतीवरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच हजेरी घेतलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ती क्रांती नव्हतीच, बढतीवरून बिथरलेल्या कप्तानांचा लष्करी उठाव होता, मी बंदुकीच्या नळीतल्या फुलांवर भाळलो, आणि गोवा उगाच ओढूनताणून आणला.

आधी माझी चूक कबूल करतो. 'रक्ताचा थेंबही न सांडता' असं मी लिहून गेलो होतो. २५ एप्रिलच्या संध्याकाळी गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयासमोर जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या, त्यात चार जण गेले. लेखातलं ते वाक्य काढून टाकलं आहे.

बढतीचंही खरंच आहे. जुलै १९७३ मध्ये सरकारने हुकूम काढला, की सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांनी एक छोटा अभ्यासक्रम केला की त्यांना कायम सेवेत घ्यायचं, आणि त्यांची मागची वर्षंही मोजायची. अकादमीतून रीतसर शिकून आलेले कप्तान खवळले. सेवाज्येष्ठतेची यादी लागल्यावर आपल्या कचेऱ्यांत जी धुसफूस होते, तीच ही. फक्त यांच्या हातात रणगाडे होते. पण सरकारने पुढे तो हुकूम मागे घेतला, तरी कप्तानांच्या गुप्त बैठका थांबल्या नाहीत. नुसत्या बढतीने याचा उलगडा होत नाही.

उलगडा होतो तो आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींमधल्या युद्धांनी. अंगोलात १९६१ पासून, मग गिनीत, मग मोझांबिकमध्ये हीच माणसं पुन्हा पुन्हा पाठवली जात होती. गिनीतलं युद्ध तर हातातून गेल्यासारखंच होतं. आणि इथेच गोवा येतो. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गोव्याच्या गव्हर्नरला, वास्सालो इ सिल्व्हाला, कळवलं होतं की शरणागती नाही. सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील. त्याने भारतीय सैन्यापुढे शस्त्रं ठेवली आणि हकनाक जाणारे जीव वाचवले. बक्षीस काय, तर १९६३ मध्ये सैन्यातून हकालपट्टी. उद्या गिनी पडली की खापर असंच आपल्या माथी फुटणार, हे कप्तानांना कळून चुकलं होतं. ओढूनताणून कसलं? गोवा त्यांच्या डोक्यात होताच.

आता उठाव की क्रांती. पहाटेपर्यंत तो उठावच होता, यावर भांडण नाही. साल्गेरो माया नावाचा एकोणतीस वर्षांचा कप्तान सांतारेमहून चिलखती गाड्या घेऊन लिस्बनच्या नदीकाठच्या चौकात आला. सरकारनिष्ठ तुकडी समोर उभी राहिली. माया हातात पांढरा रुमाल आणि खिशात हातबॉम्ब घेऊन एकटाच चालत पुढे गेला. तिकडच्या ब्रिगेडियरने गोळीबाराचा हुकूम दिला, पण तो कुणी पाळला नाही.

तेवढ्यावर संपलं असतं तर तुमचं म्हणणं मी मुकाट्याने मान्य केलं असतं. पण बंडवाले रेडिओवरून लोकांना 'घराबाहेर पडू नका' असं बजावत होते आणि लिस्बनकर ऐकतच नव्हते. फुलांची गोष्टही त्यातलीच. हॉटेलचा वर्धापनदिन म्हणून कार्नेशनची फुलं आणलेली, उठावामुळे हॉटेल बंद, म्हणून तिथे काम करणारी सेलेस्ते कायरो ती घेऊन घरी निघाली होती. वाटेत एका शिपायाने सिगारेट मागितली. ती नव्हती, म्हणून तिने फूल दिलं. दुपारी कार्मो चौकातल्या बराकीत अडकलेला पंतप्रधान कायतानो कप्तानांकडे नाही, जनरल स्पिनोलाकडेच सत्ता सोपवतो म्हणून अडून बसला. का, तर सत्ता रस्त्यावर पडू नये!

ती पडलीच. पुढच्या दीड वर्षात रिकामी घरं भाडेकरूंनी ताब्यात घेतली, दक्षिणेकडच्या आलेंतेझू भागातल्या शेतमजुरांनी जमीनदारांच्या जमिनी कसायला घेतल्या, बँका सरकारी झाल्या. बायकांना न्यायाधीश होता येऊ लागलं. चर्चमध्ये लग्न लागलेल्यांना १९७५ मध्ये घटस्फोटाची मुभा मिळाली. यातलं काहीही बढतीच्या यादीत नव्हतं. नोव्हेंबर १९७५ मध्ये डाव्या सैनिकांचं बंड फसल्यावर बरंच काही मागे फिरलं, जमिनीही हळूहळू परत गेल्या. इथे तुमचा मुद्दा पटतो. पण त्याआधी, एप्रिल १९७५ च्या निवडणुकीत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक मतदानाला आले होते, आणि सर्वात मोठा पक्ष ठरले ते कप्तान नव्हेत, तर समाजवादी.

आणि गोव्याचं उरलेलं. तेरा वर्षं लिस्बन गोवा आपलाच म्हणत होतं. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा-नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. त्यांच्या बाजूने सही परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेसची, आपल्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची. वास्सालो इ सिल्व्हालाही क्रांतीनंतर त्याचा हुद्दा परत मिळाला.