सुई टोचत नाही म्हणून गोळी नाही

माझ्या धाकट्या भावाला सरकारी केंद्रात व्यसनावरचं औषध मिळालं नाही, कारण तो नशा सुईने घेत नाही. पाच महिने झाले या गोष्टीला, आणि अजूनही रात्री आठवलं की उठून बसते मी.

तो गर्द ओढायचा, म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच प्रकार. पन्नीवर टाकून, खाली लायटर धरून, नळीने धूर आत घ्यायचा. सहा वर्षं. भिवंडीच्या गोदामात कामाला लागला तिथेच सुरुवात झाली, की आधीच डोंबिवलीत, ते आम्हाला आजवर नीट कळलेलं नाही, आणि आता त्याने काही फरकही पडत नाही. तो स्वतः म्हणाला, "ताई, मला औषधावर ठेव, माझ्याने नुसतं सोडवत नाही." असं तोंडाने मागणारा माणूस किती मुश्किलीने तिथवर पोचलेला असतो, हे ज्याच्या घरात हे झालंय त्यालाच कळेल. मी रजा टाकून त्याला घेऊन गेले.

टेबलापलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "इंजेक्शन घेतो का?" तो खरं बोलला. नाही म्हणाला. "मग आमच्याकडे नोंद होणार नाही, हे सुईवाल्यांसाठी आहे." बाईंचा स्वर वाईट नव्हता, उलट त्यांनाच कसंतरी वाटत असावं. ही फुकट औषधाची योजना एड्स नियंत्रण कार्यक्रमातली आहे. एकच सुई चारजण वापरतात, त्यातून एचआयव्ही पसरतो, तो थांबवायला ती आली. ठीक आहे, चांगलंच काम आहे. पण देशाच्या सरकारनेच करून घेतलेलं सर्वेक्षण आहे, 2019 चं. अफू, गर्द, त्या जातीच्या गोळ्या यांच्या नशेसाठी ज्यांना मदतीची गरज आहे अशी माणसं सुमारे 77 लाख. आणि कुठलीही नशा सुईने घेणारे सगळे मिळून साडेआठ लाखांच्या आसपास. मग बाकीच्यांनी कुठे जायचं? त्या सर्वेक्षणात जास्त रुग्णांच्या राज्यांमध्ये महाराष्ट्राचं नाव आहे. हा आकडा सरकारला ठाऊक आहे, म्हणून तर जास्त संताप येतो.

बाहेर रांगेतला एक मुलगा भावाला हळूच म्हणाला, "घेतो म्हणून सांग ना. पण हातावर खुणा बघतात." परतीच्या लोकलमध्ये भाऊ खिडकीशी बसला होता आणि ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत स्वतःचा डावा हात उलटा-सुलटा करून बघत होता. माझ्या पोटात गोळा आला. औषध मिळावं म्हणून त्याने सुई धरायची? हेच शिकवून पाठवलंत का त्याला तुम्ही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही दोन वर्षांपूर्वी काही माहीत नव्हतं. औषधाचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळू द्यायची, गिळली तर नीट काम करत नाही. पहिली गोळी टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सुरू झाल्यावरच द्यायची, नाक गळतंय, हाडं फुटतायत, पोट बिघडलंय अशा अवस्थेत. गर्द अंगात असताना दिली तर टर्की एकदम जोरात उसळते. नीट बसली की मात्र तासाभरात माणूस शांत होतो. नशा नाही, गुंगी नाही. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. सहा वर्षांनी पहिल्यांदा त्याने ताट पुसून जेवण केलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 सालीच हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. आणि नातेवाईक मला म्हणतात, "एक व्यसन सोडून दुसरं लावलंस." बाबांची बीपीची गोळी अकरा वर्षं चालू आहे, तिला कुणी व्यसन म्हटलं नाही.

हे औषध आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही, हा माझा सगळ्यात मोठा राग आहे. आधी आम्ही त्याला एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. महिना 18,000, तीन महिने, म्हणजे 54,000. आईच्या पाटल्या गेल्या त्यात. तिथे मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा यायचे, तेही आले तर. टर्की कोरडीच काढली, पहाटे उठवून प्रार्थना, मग झाडलोट, मग भाषणं. औषधाचं विचारलं तर संचालक म्हणाले, "आमच्याकडे गोळ्याबिळ्या नाहीत, मनाची ताकद वाढवतो आम्ही." आम्ही हात जोडून हो म्हणालो. प्रार्थनेने, सोबतीने काही जण टिकतात हे मला मान्य आहे, अशी माणसं मी पाहिलीत. पण दुसरा रस्ता आहे हे सांगायचंच नाही?

तिथून सुटून अकराव्या दिवशी तो स्टेशनबाहेरच्या सार्वजनिक संडासात निळा पडलेला सापडला. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी समजावलं की तीन महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणूस घेतो मात्र जुनाच डोस. श्वास थांबतो. नॅलोक्झोन, म्हणजे गर्दचा परिणाम उलटवणारं औषध, टोचून त्याला परत आणला. म्हणजे 54,000 देऊन आम्ही त्याला आधीपेक्षा जास्त धोक्यात घरी आणलं होतं, आणि निघताना आम्हाला कुणी एका शब्दाने सावध केलं नव्हतं. पेढे वाटले होते हो आम्ही सोसायटीत.

सरकारी केंद्राने नाही म्हटल्यावर ठाण्यात एक खाजगी डॉक्टर मिळाले. चांगले आहेत, भावाशी माणसासारखं बोलतात. पण त्यांचा हा विभाग आठवड्यातून दोन दिवस, सकाळी 11 ते 2. एका वेळी सात दिवसांच्या गोळ्या. म्हणजे दर आठवड्याला एक दिवस कामावर खाडा. गोदामात रोजंदारी 650 रुपये, महिन्याचे 26 दिवस भरले तर 16,900. त्यातून चार खाडे गेले, 2,600. डॉक्टरांची फी दर खेपेला 1,200, म्हणजे 4,800. उरले 9,500. गोळ्यांचे पैसे, लघवीची तपासणी, गाडीभाडं अजून बाजूलाच आहे. गोळी महाग नाही, हे नीट ऐका. गोळी अजिबात महाग नाही. महाग आहे ते गोळीपर्यंत पोचणं, आणि त्याचं बिल कुठल्याही कागदावर छापून येत नाही.

एकदा ट्रेन बंद पडली आणि डॉक्टरांची वेळ चुकली. चिठ्ठी हातात होती, म्हणून मी नऊ मेडिकल पालथी घातली. नंतर कळलं की हे औषध साध्या दुकानात विकायचंच नसतं, व्यसनमुक्तीची सोय असलेल्या रुग्णालयांना आणि केंद्रांनाच ते पुरवतात. मग हे चिठ्ठीवर लिहा ना! नवव्या दुकानदाराने चिठ्ठी वाचली, भावाकडे बघितलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाला, "असल्या गोळ्या आम्ही ठेवत नाही." गर्दुल्ला हा शब्द त्याने उच्चारला नाही, पण सगळ्यांना ऐकू आला. पेपरात रोज छापतात हा शब्द, चोरी केली तर गर्दुल्ला, रुळावर मेला तर गर्दुल्ला. माझ्या भावाला नाव आहे.

म्हणे या गोळ्या एकदम जास्त दिवसांच्या घरी दिल्या तर बाहेर विकतात. विकत असतील काही जण. पण 2020 च्या टाळेबंदीत, रोज समोर गोळी खायला लावणाऱ्या केंद्रांनीसुद्धा कित्येक दिवसांच्या गोळ्या घरी दिल्याच ना? पंजाबने ऑक्टोबर 2017 पासून सरकारी बाह्यरुग्ण दवाखान्यांतून हेच औषध फुकट द्यायला सुरुवात केली, आणि तिथे सुई घेतोस का असं विचारून परत पाठवत नाहीत. पंजाबला जमतं ते आपल्याला का जमू नये? की आपल्याकडचे पुरेसे मेले नाहीत अजून?

आणि आता विमा. त्या अतिदक्षता विभागाचं बिल 86,000 आलं. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घरातल्या सगळ्यांची पॉलिसी काढलेली, एक हप्ता चुकवलेला नाही. कंपनीचं पत्र आलं, दावा नामंजूर, वगळणूक क्रमांक 12. दारू, अमली पदार्थ किंवा कुठलंही व्यसन, त्यावरचे उपचार आणि त्याचे परिणाम, यातलं काही नाही. मी शोधलं, तर हे एकट्या या कंपनीचं नाही. विमा नियामकाने 2019 मध्ये सगळ्यांसाठी ठरवून दिलेल्या मजकुरातच ते बसलंय. आणि त्याच देशात मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 म्हणतो की दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था हा मानसिक आजार आहे. त्याच कायद्याचं कलम 21(4) म्हणतं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या. मग कायदा मोठा की नियामकाचा मजकूर? फोनवरच्या मुलाला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, हा स्वतः ओढवून घेतलेला आजार आहे." चाळीस वर्षं तंबाखू मळणाऱ्या आमच्या मामांच्या तोंडाच्या कॅन्सरचे पैसे मिळाले होते. मिळायलाच हवे होते, माझं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण मग माझ्या भावालाच हे वाक्य का ऐकवता?

विमा लोकपालाकडे करायची तक्रार मी दोन रात्री जागून लिहिली आहे. कायद्याचं कलम, नियामकाचा मजकूर, पत्राची प्रत, डिस्चार्ज कार्ड, सगळं जोडलंय. पॉलिसी बाबांच्या नावावर, म्हणून सही त्यांचीच लागते. आठ दिवस तो कागद टीव्हीखालच्या खणात पडून आहे. बाबा तो काढतात, चष्मा लावून पहिली ओळ वाचतात, तिथे "अमली पदार्थ" लिहिलंय, आणि घडी घालून परत ठेवतात. मंगळवारी पुन्हा ठाण्याला जायचंय, गोळ्या सोमवारी रात्री संपतात.